राणीनं जावं का राहावं

३ नोव्हें., सोम.
आज सिरियल अशी रंगली का सगळ्याइचा चहा कपातच थंडा झाला. विधवा धाकट्या राणीनं चिठ्ठी लिहिली अन् घोड्याच्या आयाळीची वेणी घालून त्यात लपवली. घोड्यांचा वैद्य आला, त्यानं ती काढली, छातीशी धरली. तिची सासू, राजमाता, वरून झरोक्यातून सगळं पाहून राहिली होती. अन् केलं काय? काही नाही! पान तोंडात टाकलं, आत गेली.
समोरची साहूबाई, इथलीच रायपूरची, आपल्या छत्तीसगढ़ीत म्हणे, "डोकरी अब्बड़ चालाक हे." म्हातारी भलती चालाक म्हणून. वरच्या मजल्यावरची ढोकेकाकू म्हणे, "बोलत काहून नाही पण ही? पकडाचं ना सरळ." मी म्हटलं, तुमाले नाही समजत. बोललं की संपलं. माहीत असून गप्प बसाची जी मजा आहे ना... ढो.काकू म्हणे, "तुम्हीच राजमाता आहात बाई." मले भलतं बरं वाटलं.
दोघीच्याही घरी टीव्ही आहे, माह्यापेक्षा मोठा. पण साडेसातले इकडंच येतात. भांडाले माणूस लागते.
संगीता (सून. पुढं नुसतं सं. लिहीन, मोठ्या नावाचा कंटाळा) चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. म्हणे, "राणीनं चूक काय केली पण?" माह्या पोराले, विलासले, जाऊन सहा वर्षं झाले. सहा वर्षांत ही सिरियलच्या वेळी एक शब्द बोलली नव्हती. लिहून ठेवते.

४ नोव्हें., मंगळ.
सं.चा डबा मीच घासते. घासाच्या अगोदर उघडून पाहाची सवय. आज मेथी दिली होती. परत आला तर वरच्या खणात बोटभर टमाटरची चटणी चिकटलेली. पाट्यावरची, लसूण घातलेली, छत्तीसगढ़ी घरी असते तशी. आमच्या घरी नाही होत. विलासले आंबट चालत नव्हतं. मग तिकडं नवा रायपुरले, मंत्रालयातल्या ऑफिसात, हिले चटणी वाढते कोण?
चाखून पाहिली. चांगली होती.

६ नोव्हें., गुरु. पुन्नी.
पौर्णिमेच्या स्नानाले महादेव घाटावर नाही गेली, गुडघा दुखते. नातीले सुट्टी होती. रुची, आठवीत आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, चालते आमचं. केसाले तेल लावता लावता विचारलं, मम्मीच्या बसमध्ये कोण कोण असते गं. म्हणे, "देवांगन अंकल हैं ना. मम्मी के लिए खिड़की वाली सीट रोकते हैं, रोज. नवा रायपुर तक." तुले काय ठाऊक? "तालाब पर मिले थे न, चाट खिलाए." बायको वारून चार वर्षं झाले म्हणे त्याची. मग जीभ चावली पोट्टीनं. "आजी, किसी को बोलना मत."
नाही बोलत बाई. मले काय गरज.
दिवसभर गुडघा दुखलाच नाही.

७ नोव्हें., शुक्र.
वैद्य राणीले म्हणे, माह्यासंग चल, नदीपार. इथं जाहिरात. मग काय, जमके भांडण.
ढो.काकू: जावं. वय काय तिचं! सा.बाई: "हव, चल दे रानी." मी म्हटलं, जावं ना, कोण अडवते? पण हत्ती, महाल, दागिने, नवऱ्याच्या नावानं जे जे मिळालं ते इथंच ठेवावं. नेसत्या लुगड्यानं जावं. असं म्हणून सं.कडं पाहिलं. विलासच्याच जागेवर नोकरीले लागली आहे ना ती, अनुकंपात.
चाळणी पडली तिच्या हातून. सा.बाई म्हणे, "का होगे?" मी म्हटलं, काही नाही, राणी घाबरली. हासू आवरेना मले. पदर तोंडाले लावला तरी ढो.काकूनं पाहिलंच.

१० नोव्हें., सोम.
वा! राजमातानं आज भर दरबारात वचनपत्र काढलं. राजा गेला तेव्हा राणीनं लिहून दिलं होतं, मरेपर्यंत या घराची सेवा करीन म्हणून. एका भाटाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. राणीचं तोंड तीनदा दाखवलं, उजवीकडून, डावीकडून, समोरून.
सा.बाईनं शिव्या दिल्या राजमातेले. दे बाप्पा.
असा कागद तर माह्याजवळही आहे. पेटीत, शालूच्या खाली. नोकरी लागताना सं.नं स्टँपपेपरवर लिहून दिलेला. मी माही हरकत नाही म्हणून सही केली, तिनं सासूले सांभाळीन म्हणून केली, तेव्हा ती खुर्ची मिळाली तिले.

११ नोव्हें., मंगळ.
केलं! जाहिरात लागली तशी रुचीले म्हटलं, पेटीतला कागद आण, वाचून दाखव सगळ्याइले. तिले वाटलं राशनचा आहे. लागली वाचाले. "मैं शपथपूर्वक कथन करती हूं कि अपनी सास का आजीवन भरण-पोषण..." अडखळून राहिली होती, मी शब्द सांगून राहिली. मले पाठ आहे ना. मधातच थांबली. "आजी, ये तो मम्मी का है."
मी म्हटलं, वाच वाच, चांगलं वाचतेस.
सा.बाई म्हणे, "ये का ए अम्मा?" मी म्हटलं, काही नाही, राणीवरून आठवलं. ढो.काकू फरशीकडं पाहत बसली, जशी काय तिथं सिरियल चालू आहे.
सं. दारातच होती. ट्रे घेऊन आली, सगळ्याइले चहा दिला. साखर विसरली. सगळ्या बिनसाखरेचा प्यायल्या. मीही.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी, बसच्या अगोदर.
"आई, तुमाले माहीत आहे."
"काय?"
"माहीत आहे तुमाले."
मी तांदूळ निवडत राहिली. मग बोलली बिचारी. जानेवारीत देवांगनसंग लग्न करू म्हणते. "तुमाले सोडत नाही. भाडं, औषध, किराणा सगळं मीच. रुची दर शनिवारी येईन. फक्त ऑफिसात अर्ज देऊ नका."
अर्ज! माह्या डोक्यातही नव्हता अर्ज. सासूनं मोठ्या साहेबाले लिहून दिलं की सून सांभाळत नाही, तर नोकरीवर येते म्हणे. घाबरून घाबरून तीच सांगत गेली अन् मी मान हलवत गेली, जसं काय कधीचं ठरवून ठेवलं आहे.
पर्समधून कागद काढला. टाइप करून आणला होता. 'सुनेच्या लग्नाला माझी हरकत नाही, ती मला सांभाळते.' खाली रेघ. इथं सही करा म्हणे. चौथी पास आहे मी, अंगठा नाही लावत. सही सुंदर येते माही.
मी म्हटलं, पाहू. राणी काय करते ते पाहू. राजमातानं जाऊ दिलं तर मीही जाऊ देईन.
हासली ती. तिले वाटलं मी गंमत करून राहिली. मी म्हटलं, गंमत नाही. देवाच्या फोटोवर हात ठेवून सांगते.
हासणं तसंच राहिलं तोंडावर, अर्धं. मग चौकात हॉर्न वाजला, पळाली. डबा विसरली.

१४ नोव्हें., शुक्र.
लग्न होऊन आली तेव्हापासून आज पहिल्यांदा सं. टीव्हीसमोर बसली. खाली, सतरंजीवर. चहा रुचीनं केला.
बायाइले काय माहीत. त्या आपल्या भांडून राहिल्या. सा.बाई म्हणे, राणी आता जहर पिते पाहा. "नाही!" सं. इतक्या जोरात बोलली की साहूबाईच्या हातचा पापड मोडला.
शेवटी राजमाता राणीच्या समोर आली. दोघी एकमेकीकडं पाहून राहिल्या. राजमातानं तोंड उघडलं... अन् नावं आली लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांची!
सं. माह्याकडं वळली. "मग?"
मी म्हटलं, सोमवारी.
असा शुक्रवार कित्येक वर्षांत गेला नव्हता.

१६ नोव्हें., रवि.
सिरियल नाही. दिवस जाता जात नाही.
मी एकतीसची होती, नवरा गेलेला. विलास चार वर्षांचा. मालधक्क्यावर एक मुकादम होता, नळावर आला की माहा हंडा उचलून डोक्यावर द्याचा. एकदा दिला. दोनदा दिला. तिसऱ्या दिवशी सासूनं हंडा अंगणात आपटला, पोचा पडला त्याले. त्याच पोच्याच्या हंड्यानं मी वीस वर्षं पाणी भरलं. मले कोणी कागद टाइप करून आणला नाही.
जाऊ दे. हे काहून लिहिलं.

१८ नोव्हें., मंगळ.
काल राजमाता बोलाच्या आत बेहोश पडली. आज पूर्ण भाग नाडी पाहण्यात. मी म्हटलं वा रे सिरियलवाले, यांइले समजते.
सं. उतरली आहे. फोन वाजते, ती पाहते, बंद करते. काल भाजीत दोनदा मीठ. मी दोनदा घेऊन खाल्ली, खूप छान झाली म्हटलं.
दुपारी जिन्यात ढो.काकू भेटली. म्हणे, "रुची रडून राहिली होती काल माह्यापाशी. खरं आहे का? सुनेचं लग्न सिरियलवर ठेवलं तुम्ही?" मी हासली. तुम्हीच तर म्हणता मी राजमाता.
ती नाही हासली. म्हणे, "मी टीव्हीतलं बोलली होती." अन् वर निघून गेली.
उलीसं लागलं मनाले. मग वाटलं, संध्याकाळी येईनच. आली, पण खुर्ची दाराजवळ घेऊन बसली.

२० नोव्हें., गुरु.
ढो.काकू नाही आली. सा.बाई आली, पण बसली नाही. उभ्यानंच म्हणे, "अम्मा, दसखत कर दे." मी म्हटलं बस ना, सुरू होते. म्हणे, "बहू आय ओ, रानी नोहय." सून आहे ती, राणी नाही म्हणून. तोंड असं केलं जशी काय मी तिचं काही खाल्लं. चपला फटफटवत गेली.
दोघीइले सांगणारी पोट्टीच. रुचीले विचारलं तर म्हणे, "हां, मैंने बताया. और बताऊंगी." आठवीतली!
एकटीनं पाहिलं. राजमाता शुद्धीवर आली. मी मोठ्यानं म्हटलं, आता पाहा. कोणी पाहिलं नाही.
सं.नं एकच कप चहा आणून ठेवला. साखर बरोबर होती.

२१ नोव्हें., शुक्र.
आजही कोणी नाही. राजमातानं राणीले बोलावलं आहे. पुढचं सोमवारी.
कागदाचं सं.नं विचारलंच नाही आज. मीच आठवण करून दिली, सोमवार सोमवार म्हणून. "हो," म्हणे. रुचीच्या गणवेशाले बटण लावत राहिली.
विचारत नाही म्हणजे काय? पुसलं तर पाहिजे माणसानं.

२४ नोव्हें., सोम.
सकाळी सं. चपला घालता घालता म्हणे, "आई, मी नाही पाहणार आजचा भाग. काय होते ते सांगूही नका मले. जे कराचं ते आमी ठरवलं. अर्ज द्याचा असन तर द्या." आवाज चढवला नाही. मी म्हटलं, नोकरी जाईन तुही. म्हणे, "जाऊ द्या." अन् डबा घेऊन गेली. आज डबा तिनं स्वतःच भरला होता.
साडेसात. ढो.काकूच्या चपला साहूबाईच्या दारात. रुचीच्या. सं.च्या. अन् एक जोडी काळे बूट, पॉलिश केलेले, नाडे आत खोचलेले. खिडकीतून बरोबर दिसते. म्हणजे देवांगन आला आहे. टीव्ही लावलाच नाही त्यांनी. तिकडून गाणं नाही, काही नाही. भजे तळल्याचा वास अन् नुसत्या गोष्टी. मधातच सगळे हासतात. सं. हासते असं मले माहीतच नव्हतं, अगोदर वाटलं साहूबाईची पोरगी आली का माहेरी.
इकडं राजमातानं राणीले समोर उभं केलं. मी पुढं सरकून बसली.
राजमाता म्हणे, जा. स्वतः घोडा मागवला. वचनपत्र दिव्यावर धरलं अन् तोंड फिरवून बसली.
मले नाही आवडलं. राजमाता अशी करत नाही. लिहिणाऱ्यानं बिघडवलं. इतक्या दिवसाची बाई एका भागात नरम पाडली. ढो.काकू असती तर मी चांगलं भांडली असती.
पण जाऊ दिलं. अन् हे या इमारतीत मी एकटीनंच पाहिलं. सकाळी दहाले पुन्हा दाखवतात, तेव्हा सगळे आपापल्या कामाले.
टाइपचा कागद समोर आहे. पेन तर हातातच आहे, हे लिहून राहिली म्हणून.
रुची आली आता. भजे आणले प्लेटीत, आंटीनं पाठवले म्हणे. आत नाही आली. उंबऱ्यावरूनच, टीव्हीकडं न पाहता, हळूच विचारते, "आजी... क्या हुआ आज? बोली क्या राजमाता?"
मी म्हटलं थांब, लिहून राहिली.
उभी आहे अजून.