गिअरबॉक्स अजून बसायचा आहे

सोमवार, १० मार्च

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक, तिकडेही असावं. तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा मीही पत्रच लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर नवऱ्याकडून वाचून घे.

गाडीचं विचारलंस. तुमच्या नानांच्या गाडीचं जुनं इंजिन तुझ्या दादाने, तो गेला त्याच आठवड्यात, बाहेर काढलं होतं. ते शेडच्या कोपऱ्यात पोत्यावर बसून आहे. त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. 'बेबीला गाडी देईन ती रस्त्यात बंद न पडणारी देईन,' असा त्याचा हट्ट, म्हणून ही सगळी उठाठेव. नवं इंजिन एका ठोकलेल्या गाडीतलं आहे आणि गिअरबॉक्स एका टेम्पोचा. दोघांच्या बोल्टांची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे मधे एक लोखंडी प्लेट लागते. लग्न जमवणारी मध्यस्थ म्हण. ती त्याने स्वतः आखली आणि रोज संध्याकाळी कानशीने घासत बसायचा. मोठ्या ताटाएवढी आहे, मधे भलं मोठं भोक.

तीच सापडत नाहीये. म्हणून गिअरबॉक्स अजून बसायचा आहे.

बाकी काम थांबलेलं नाही. दादाचे चौघे मित्र दर रविवारी सकाळी येतात: लेथवाले भाऊजी, वायरमन, पेंटर आणि ड्रायव्हरकाका. मित्राचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायचंच, असं त्यांनी आपसात ठरवलंय. मला कुणी विचारलं नाही. नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा जाड आहे, म्हणून दोन सीटांमधला पत्रा कापून वर उचलावा लागला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "आमच्यासारखाच आहे, पोट सुटलंय." चौघं हसले. प्लेटीसाठी सगळी शेड उलथीपालथी केली. मीही पदर खोचून शोधायला लागले.

दादाला नेलं त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "वहिनीच्या डोळ्यांतून टिपूस नाही." खरंच नव्हतं, बेबी. अजूनही नाही. मला कसलंच काही होत नाही. सकाळी दात घासताना वाटतं, दुसऱ्याच कुणाचे तरी घासतेय. तुला राग आला तो बरोबरच आहे. 

गाडी झाली की लगेच कळवीन.

तुझी वहिनी


मंगळवार, २२ एप्रिल

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. "दादाची शेवटची वस्तू आहे आणि तुम्ही लोक मुद्दाम लांबवताय," असं लिहिलंयस. त्यात निम्मं तरी खरं आहे.

लेथवाले भाऊजी म्हणाले होते की हरवली तर हरवली, मी नवी प्लेट कापून देतो. पण एका रविवारी म्हणे हवा तसला जाड पत्राच मिळाला नाही. पुढच्या रविवारी ड्रिल तुटलं. मग परवा म्हणे, तयार आहे पण घरी विसरली. हा माणूस कधी रुमालसुद्धा विसरत नाही. पेंटर तोच डावा दरवाजा तिसऱ्यांदा घासतोय. वायरमनने दिव्यांच्या वायरी जोडल्या आणि रंग चुकले म्हणून परत सोडवल्या. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

आता घरचं सांगते. सोमवार ते शनिवार घर खायला उठतं. तुझ्या दादाच्या दुकानाचं कुलूप मी अजून काढलेलं नाही. भाजी एका माणसाची होत नाही, म्हणून भाजीच करत नाही. दुपारी खुर्चीत बसते आणि संध्याकाळी त्याच खुर्चीतून उठते. मधे काय झालं म्हणून कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही.

रविवारी मात्र शेडचं शटर वर गेल्याचा आवाज येतो. कुणीतरी कुणाला तरी गाढव म्हणतं. मागे एकदा पाना खाली पडला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "अहो, पायावर पडेल!" शेडमधली ठोकाठोक थांबली. मग ड्रायव्हरकाकांनी आतून ओ दिली. "नाही पडला हो!" तेव्हापासून काही पडलं की मी ओरडते आणि ते ओ देतात. 

बेबी, आता जे लिहिते आहे ते वाचून हवं तर मला शिव्या दे. प्लेट माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरात, मोठ्या ताटांच्या मागे उभी करून ठेवलीय. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा लपवून वर शोधायला जाणारी मीच.

झालं असं, की फेब्रुवारीत ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता एकदा प्लेट बसली की आपलं काम संपलं." काम संपलं की तू येऊन गाडी नेणार, ते तर ठरलेलंच आहे आणि तुझा हक्कच आहे. पण मग ही माणसं कशाला येतील? मी चहाचा ट्रे घेऊन शेडमध्ये गेले होते. येताना रिकाम्या ट्रेवर फडक्याखाली प्लेट घेऊन आले. इतकी जड, की मनगट दोन दिवस दुखत होतं.

चोरी म्हणायची तर चोरीच आहे, आणि तीसुद्धा तुझ्या वस्तूची. वाईट वाटायला हवं. ते कधी वाटतंय, याची वाट बघते आहे.

तुझी वहिनी


रविवार, १ जून

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तरी पुढचं तुला कळायला हवं.

गेल्या रविवारी लेथवाले भाऊजी निघताना त्यांना बिस्किटांचा पुडा द्यायचा होता. नातवाला म्हणून. ते हात धुवत होते, मी त्यांच्याच पिशवीत ठेवायला गेले, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडलं. नवीकोरी प्लेट. भोकं पाडलेली, कडा गुळगुळीत केलेल्या, तेल लावलेली. तेलाने पेपर पार पिवळा पडला होता, म्हणजे बरेच दिवस तशीच होती.

वर बघते तर भाऊजी दारात, ओल्या हातांनी उभे.

"पत्रा मिळत नव्हता ना?" मी म्हटलं.

"मिळाला होता. पहिल्याच आठवड्यात." मग जरा खाकरून म्हणाले, "वहिनी, ताटाला बोल्टची भोकं नसतात."

स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले होते तेव्हाच त्यांनी बघितलं होतं. बाकी तिघांनाही माहीत होतं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? घर तुमचं, ताटं तुमची. आणि खरं सांगू का, आम्हालाही घाई नव्हती. तो गेल्यावर रविवारचं आम्ही तरी कुठं जायचं?"

म्हणजे अळीमिळी गुपचिळी. पाच म्हातारी माणसं मिळून एक गाडी होऊ देत नव्हतो. पेंटर तो दरवाजा का घासत होता ते मला तेव्हा कळलं. आणि मला लाज वाटली, बेबी. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं आणि ते हे वाटलं. तुझी, त्यांची, सगळ्यांचीच. त्या लोकांना बायका-मुलं आहेत, नातवंडं आहेत. माझ्यापायी सगळे रविवार त्यांनी शेडमध्ये घालवले. आणि तू तिकडे भावाच्या गाडीची वाट बघत बसलीस.

मी आत जाऊन दादाची प्लेट आणली आणि म्हटलं, "ही बसवा. आजच." ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता उशीर झालाय, पुढच्या रविवारी बघू की." मी म्हटलं, "नाही. आज."

काकांनी पाना उचलला. प्लेट बरोब्बर बसली, एकही भोक हुकलं नाही. दादाचा हात होता, हुकणार कसा. चेनपुलीने इंजिन आणि गिअरबॉक्स एकदमच आत उतरवला. चाकांकडे जाणारा शाफ्ट त्यांनी आधीच मापात कापून ठेवला होता. दिवे लागायच्या सुमारास किल्ली फिरवली. मी ओट्यापाशी उभी होते आणि मला कळलंसुद्धा नाही. नानांचं इंजिन सुरू झालं की कपाटातल्या बरण्या वाजायच्या. हे नुसतं हुं हुं करतं. वायरमन सांगायला आला, "वहिनी, चालू आहे हो!" तेव्हा मी बाहेर गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. काकांनी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली. पाचवा गिअर टाकायला रस्ताच पुरला नाही.

नंतर चौघं बराच वेळ हात धूत राहिले. पाने पुसून जागच्या जागी लावले. "येतो वहिनी," म्हणाले. "काही काम निघालं तर हाक मारा." मी हो म्हटलं.

आज रविवार. मी सकाळी पाच जणांचा चहा टाकला. अकरा वाजले, बारा वाजले. कुणी आलं नाही. वाईट माणसं नाहीत गं ती. कामाशिवाय बाईमाणसाच्या घरी कसं जायचं, हे त्यांना कळत नसेल, आणि काम नसताना कसं बोलवायचं, हे मला कळत नाही. नळ गळका आहे का, म्हणून सगळे नळ बघून आले. एकही गळत नाही. तुझ्या दादाने सगळे नीट करून ठेवलेत.

मला भीती वाटते, बेबी. इतके दिवस ती वाटत नव्हती, आता वाटते आहे. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

गाडी तयार आहे. कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवलेत, टाकी भरलेली आहे. तुला सवड होईल तेव्हा येऊन घेऊन जा. जमलं तर रविवारी ये. रविवारी मी घरी एकटीच असते.

तुझी,
दादा नसतानाही,
वहिनी