फौजदाराची तिसरी गोळी

सोमवार, ११ मे
सीमेच्या अलीकडून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं मजेत आहे आणि तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. तुझं बाळ आता सात वर्षांचं, म्हणजे बाळ म्हणायची सोय राहिली नाही. माझ्या वाढदिवसाला तू मोबाइलवर दोन ओळी पाठवतेस, त्यातून त्याचे पुढचे दात पडल्याचं कळलं होतं. आता आले असतील. हाताने लिहिलेलं पत्र मात्र सात वर्षांत हे पहिलंच. अक्षर वाकडं येतंय, कारण टेबलाखाली फौजदार पाठ घासतो आहे.

हो, आईचा फौजदार. तेरा वर्षांचा झाला. डोळे दुधाळ झालेत, मागचा पाय सकाळी जरा रुसलेला असतो, कान मात्र तिखट. बिस्किटाचा पुडा उशीखाली फोडला तरी साहेब हजर.

मी गेल्या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, फुटलेल्या नळ्या मोजल्या, आणि मुलांना पृथ्वीचा गोल पुसून दिला. वाटलं, जो गोल इतकी वर्षं पुसला तो थोडा बघूनही घ्यावा. एका प्लंबरकडून त्याची जुनी कॅम्पर घेतली. त्याने आत पलंग, ओटा, बेसिन असं सगळं स्वतः बसवलंय. नळ एकही गळत नाही, पण दार चार वेळा आपटल्याशिवाय लागत नाही. माणूस आपल्या धंद्यापुरता नेमका असतो, दुसरं काय. मी तरी कुठे वेगळी? डब्यांना चिठ्ठ्या लावायला बसले आणि हाताच्या सवयीने साखरेच्या डब्यावर ‘चाखू नये’ असं लिहून मोकळी झाले.

दोन महिने आम्ही दोघं रस्त्यावर आहोत. मी गाडी चालवते, तो शेजारच्या सीटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची दखल घेतो. आता सीमेजवळ, पेट्रोल पंपामागच्या मैदानात थांबलोय. इथे बघण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात, आणि मला तर दिवस पुरत नाही. रस्ता अडवायला दोन देशांच्या दोन दांड्या आहेत आणि मध्ये साठेक पावलं जमीन. ती कोणाची, असं मी दांडीवाल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, “कुणाचीच नाही, बाई.” मग तिथलं गवत कोण कापतं? हा प्रश्न त्याला अकरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वतःहून चौकशी करून आला. एक महिना आपला माळी कापतो, एक महिना त्यांचा, आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. त्यांचा माळी कडेने फार छान कापतो, असं आपल्या माळ्याचं मत.

शेजारी एक मधमाश्या पाळणारा आहे. त्याच्या ट्रकमध्ये चाळीस पेट्या माश्या, आणि त्यांच्या तब्येतीचा दाखला अजून यायचाय. मी विचारलं, “आत्ता उडून पलीकडे गेल्या तर?” तो म्हणाला, “रोज जातात. संध्याकाळी परत येतात. कागद फक्त पेट्यांना लागतो.”

आम्हाला इथे थोडे दिवस झाले. क्लच बिघडला होता. तो झाला की पलीकडे जावं असं मनात आहे. तुझं गाव तसं वाटेतच पडतं म्हणे. सहज लिहिलं.

मंगळवार, १२ मे

कालचं पत्र कालच बंद करणार होते, पण राहिलं ते बरंच झालं. आधी एक दुरुस्ती करते. क्लच बिघडला होता हे खरं, पण तो एका दिवसात झाला. मिस्त्रीने दुपारी गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला किल्ली हातात दिली. आज मला इथे येऊन एकवीस दिवस झालेत.

तुमच्याकडचा नियम असा आहे की कुत्रा आणायचा तर इकडच्या जनावरांच्या डॉक्टरने त्याला जंताची गोळी द्यायची आणि दिल्याची वेळ त्याच्या पुस्तिकेत लिहायची. गोळी दिल्यावर पहिले चोवीस तास जायचं नाही आणि पाच दिवस उलटले की पुन्हा नवी गोळी. मला हे फार आवडलं, अगदी प्रयोगशाळेसारखं. मी आल्या आल्या गोळी दिली. चोवीस तास झाले, मग दोन दिवस, मग पाच. क्लचमुळे राहिलं, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं आणि दुसरी गोळी घेतली. तीही मुदत गेली. त्या वेळी माश्यांच्या दाखल्याचं काय होतंय ते बघायचं होतं. मला काय करायचाय गं माश्यांचा दाखला?

आज तिसऱ्यांदा गेले. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील, बोलायला फटकळ. पुस्तिका उघडली, आधीचे दोन शिक्के पाहिले आणि चष्मा वर केला.

“आजी, गोळी मी देते. पण तुम्ही जाणार आहात का?”

“जाणार म्हणजे काय, जायचंच आहे.”

“मग अडलंय कुठे? पलीकडे कोण आहे तुमचं?”

मी म्हटलं, “धाकटी बहीण. ठकी.”

एवढंच म्हटलं. फौजदार टेबलावर पडून होता, तो ताडकन उठला. मागच्या पायाचं दुखणं विसरून खाली उतरला, धडपडला, आणि दवाखान्याच्या दाराला नाक लावून उभा राहिला. शेपूट हलत होती. डॉक्टरीणबाई हसल्या, “बघा, याला तर घाई आहे.” मला मात्र भर दवाखान्यात रडू फुटलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बाहेरच्या मांजरवाल्यांना थांबायला सांगितलं.

सात वर्षं मी घरात तुझं नाव मोठ्याने घेतलेलं नाही. का, ते आता लिहिते.

आपल्या घरी वाईट बातमी शिळी करून वाढायची रीत. बाबांची नोकरी गेली तेव्हा दोन महिने ते डबा घेऊन रोज निघायचे आणि वाचनालयात जाऊन बसायचे. आजोबा गेल्याचं तुला परीक्षा संपल्यावर सांगितलं. सगळं निस्तरलं की मग सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला त्रास नको. तेव्हा आईला अग्नी दिल्यावर मी तुला फोन केला, यात मला त्या वेळी काही वावगं वाटलं नाही. तू ओली बाळंतीण, मूल तीन आठवड्यांचं. तू फोनवर एकच विचारलंस, “आईने माझी आठवण काढली नाही?”

मी म्हणाले, “तिनेच सांगितलं, ठकीला बोलावू नका.”

त्यावर तू म्हणालीस, “तिला मी नको होते तर ठीक आहे.” त्यानंतर तू आली नाहीस, आणि दिवसांनाही नाही. लोकांनी तुला नावं ठेवली. मी ती ऐकून घेतली, एकालाही गप्प केलं नाही.

ठके, आईने असं काही म्हटलं नव्हतं. मी खोटं बोलले.

ती नऊ दिवस अंथरुणावर होती आणि पहिल्या दिवसापासून तुला बोलवायला सांगत होती. मी हो हो म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सांगितलं, निघाली आहे. पाचव्या दिवशी सांगितलं, गाडी उशिरा आहे. आई विचारायची, “ठकी आली का?” आणि तुझं नाव ऐकलं की फौजदार उठून दाराशी जाऊन बसायचा. तू येताना त्याच्यासाठी बिस्किटं आणायचीस ना. मी त्याच्या पट्ट्याला धरून त्याला आत ओढून आणायचे. दिवसातून सात-आठ वेळा. पुढे मग आई त्याच्याकडेच बघत राहायची. तो दाराशी बसला की तिला वाटायचं, तू आलीस.

तू बाळंतीण होतीस म्हणून बोलावलं नाही, असं मी स्वतःलाही खूप सांगून पाहिलं. पण तुझ्या नवऱ्याने तुला बाळासकट गाडीत घालून आणलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. खरं कारण लहान आहे आणि लाजिरवाणं आहे. चार वर्षं आईचं मी केलं. न्हाऊ-माखू घालणं, औषधं, रात्रीची जागरणं. त्या चार वर्षांत तिने माझ्याकडे पाहून तोंडभर हसल्याचं मला आठवत नाही. तू दारात उभी राहिली असतीस तर ती हसली असती. मला ते बघायचं नव्हतं. एवढंच. उद्या फोन करू म्हणता म्हणता नऊ दिवस गेले आणि मग फोन करण्यासारखं काही उरलं नाही.

या गोळ्यांचंही तेच केलं की मी. उद्या जाऊ, उद्या जाऊ. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तिथे जाऊन सांगणार, की आधी सांगून जाणार?” मी ठरवून आले होते की तुझ्या दारात उभी राहीन, फौजदाराला बघून तू विरघळशील, आणि मग सवडीने कधीतरी सांगेन. म्हणजे पुन्हा शिळीच बातमी. म्हणून हे पत्र आधी पाठवते आहे. फोनवर मी ‘सगळं मजेत’ म्हणून वेळ मारून नेली असती, मला माझी खात्री आहे.

फौजदाराला आज सकाळी अकराला गोळी दिली. तशी वेळ पुस्तिकेत लिहिली आहे. इथला पाववाला रोज सकाळी सीमेपलीकडे पाव पोचवतो आणि तुझ्या गावातून जातो. हे पत्र तो उद्या तुझ्या हातात देईल. शनिवारी सकाळी नऊला मी पलीकडे येईन. या वेळी नक्की.

माझं तोंड बघायचं नसेल तर तसं पाववाल्याजवळ सांग, तो निरोप आणेल. तरी मी येईन, पण तुझ्या घरी नाही. तुमच्या बाजूच्या दांडीपाशी एक मोकळं आवार आहे, बाक आहेत. तिथे मी फौजदाराला सोडेन आणि गाडीत जाऊन बसेन, पडदा ओढून. तू मुलाला घेऊन ये, हवा तितका वेळ त्याच्यापाशी बस. मी उतरणार नाही. तो म्हातारा झालाय गं, आणि तुझी वाट त्यानेही पाहिली आहे.

काहीच कळवलं नाहीस तर मी ते ‘ये’ असं धरणार नाही. इतकी वर्षं मला सोयीचं तेच मी धरत आले.

आणखी एक राहिलं. ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आठव्या दिवशी दुपारी आई जरा शुद्धीवर होती. मी तिचे केस विंचरत होते. ती मला म्हणाली, “ठकी आली आणि मी झोपलेली असले, तर मला उठवायला सांग तिला. झोपमोड होईल म्हणून बसून राहील ती.”

तुझा निरोप होता. सात वर्षं माझ्यापाशी राहिला.

आशीर्वाद वर सवयीने लिहिले गेले. ते घ्यायचे की नाही हे तू ठरव.

तुझी अपराधी,
ताई