दोनशे तासांनंतरचं गाणं

२ मार्च, रविवार

आजपासून योग्य यंत्र निवडायचं. घाई नाही. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं गाणं करणारा डॅक आणि ते गाणं हेडफोनला पुरेल इतकं दमदार करणारा अ‍ॅम्प. टेबलावर मावेल असा, आणि माझ्या कानांना शोभेल असा. दुसरी अट अवघड.

बायकोने मोबाइलवर एक गाणं पाठवलं आहे. तिनेच म्हटलेलं. २२ तारखेला क्लासचा कार्यक्रम आहे. एकटीने गाणार का, हे गाण्याच्या बाईंना १५ तारखेपर्यंत कळवायचंय. घरात कान असलेला मी एकटाच, म्हणून मी ऐकून खरं काय ते सांगावं असं तिचं म्हणणं. योग्य माणसाकडे आली. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे तिच्या आवाजाचा अपमान, यंत्र आल्यावर नीट ऐकतो, असं सांगितलं. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.

४ मार्च

हेडफोनवेड्यांच्या ऑनलाइन फोरमची एकशे दहा पानं वाचून झाली. ऑफिसात एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा यंत्रं, सव्वीस रकाने. मॅनेजर मागे येऊन उभे राहिले. वॉशिंग मशीनच्या तक्रारींचं वर्गीकरण चाललंय असं सांगितलं. 'ऊब' आणि 'पारदर्शकता' हे रकाने त्यांना फार आवडलेले दिसले नाहीत.

माझं काम लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकतोय. असा कान उगाच तयार होत नाही.

६ मार्च

फोरमवरच्या तारमास्तरांशी फोनवर बोललो. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या मते डबा दुय्यम, खरी ती वायर. शिवाय डॅक आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात असणं म्हणजे ना धड हे, ना धड ते. दीड तास बोलले. बायको मध्येच काहीतरी विचारायला आली होती. हातानेच थांब म्हटलं. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही. म्हणजे महत्त्वाचं नसणार.

८ मार्च, शनिवार

दुकानात गेलो. मी डोळे मिटतो, दोन यंत्रं ऐकवा असं दुकानदाराला बजावलं. पहिलं कोरडं, रुक्ष. दुसऱ्यात काय ती ऊब. क्षणात ओळखलं. दुकानदार म्हणाला की दुसरं यंत्र त्याने अजून जोडलंच नव्हतं, दोन्ही वेळा पहिलंच वाजत होतं. मी त्याला समजावलं की मधल्या वेळात पहिलं तापलं असणार. बिचारा पाणी हवंय का विचारू लागला.

एकाच डब्यातलं यंत्र नक्की केलं. तारमास्तरांना कळवायचं नाही.

११ मार्च

मागवलं. बायकोने गाण्याचं विचारलं. गुरुवारी यंत्र येतंय असं सांगितलं. मोबाइलवर एकदा नुसतं कानावरून जाऊ द्यायला काय हरकत आहे असं तिचं मत. कानावरून जाऊ देणं आणि ऐकणं यांतला फरक समजावला. वीस मिनिटं लागली. गाणं तीन मिनिटांचं आहे.

१३ मार्च, संध्याकाळी ७

आलं! काळं, जड, पुढे एकच मोठं बटण आणि एक निळा दिवा. बायकोचं शिवणाचं सामान तात्पुरतं पलंगाखाली ढकललं. सगळ्या वायरी स्वतः जोडल्या. मुलगी मदतीला आली होती, परत पाठवली. कॉलेजातल्या पोरांना हेडफोन म्हणजे कानातली बोंडं.

बटण कितीही फिरवलं तरी आवाजात उथळ फरक पडत नाही. ही खानदानी यंत्राची खूण.

रात्री तारमास्तरांचा निरोप. (त्यांना कसं कळलं? मीच फोटो टाकला होता.) नवं यंत्र दोनशे तास सतत वाजवून मोकळं करावं लागतं, तोवर गंभीर ऐकणं म्हणजे पाप. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि वर आठ तास.

१५ मार्च, शनिवार

४८ तास. खर्ज बाहेर येऊ लागलाय. काल आवाजावर पडदा होता, आज निम्मा सरकला. हे सगळ्यांना कळत नाही.

आज बाईंना सांगायचा शेवटचा दिवस, असं बायकोने सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सांगितलं. कच्च्या यंत्रावर घरच्या माणसाचा निकाल देणं मला जमणार नाही. मन घट्ट करून तसं सांगितलं. यंदा नाही गायली तर आभाळ कोसळणार नाही. दर वर्षी होतो कार्यक्रम.

१८ मार्च

१२० तास. पडदा पूर्ण गेला. डाव्या बाजूला कोणीतरी खुर्ची सरकवल्याचं स्पष्ट ऐकू आलं. इतकी बारीक नोंद! नंतर पाहिलं तर खोलीत बायको खरंच खुर्ची सरकवत होती. पलंगाखालून शिवणाचं सामान काढत होती.

स्वयंपाकघरात ती सारखी एकच ओळ गुणगुणत असते. दार लावून घे म्हटलं. लावलं.

२२ मार्च, शनिवार, संध्याकाळी ६

दोनशे तास पार! बायकोला बोलवायला गेलो तर घरात कोणी नाही. फ्रिजवर चिठ्ठी. दोघी कार्यक्रमाला गेल्यात, जेवण झाकून ठेवलंय. म्हणजे तिने १५ तारखेला नाव दिलं होतं तर. मला न विचारता. थोडं लागलं.

हॉल रिक्षाने दहा मिनिटांवर. जावं का? पण तिथले स्पीकर कसले असणार देव जाणे. त्यापेक्षा इथेच शास्त्रशुद्ध ऐकून, ती आल्या आल्या निकाल द्यावा. आधी कान तयार करण्यासाठी चाचणीची गाणी. तिचं गाणं शेवटी.

त्याच दिवशी, रात्री ९

चाचणी चालू असतानाच दोघी आल्या. मुलीला मोबाइल चार्ज करायचा होता. तिने न विचारता डब्याचा प्लग उपटला. निळा दिवा विझला. गाणं चालूच राहिलं.

मुलीने वाकून टेबलामागे पाहिलं. हेडफोनची पिन कॉम्प्युटरच्याच भोकात होती. डबा दोनशे तास नुसता तापत होता, असं तिचं निदान. ओले मोजे वाळवायला उपयोगी पडेल असंही म्हणाली. बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

कार्यक्रम कसा झाला विचारलं. चांगला झाला म्हणाली. मग कळलं की १५ तारखेला तिने तेच गाणं तिच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना पाठवलं होतं. सासूबाईंनी काच फुटलेला मोबाइल कानाला लावून ते दोनदा ऐकलं आणि सांगितलं, दुसऱ्या ओळीत श्वास पुरत नाहीये, आधीच घे, आणि गा. तीच ओळ ती आठवडाभर घोटत होती.

सासूबाईंचा एक कान कामातून गेला आहे.

२३ मार्च, रविवार

सकाळी बाल्कनीत उभं राहून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं. तीन मिनिटं. सगळं ऐकू आलं. दुसऱ्या ओळीत श्वास तुटतो. मलाही कळलं.

गाणं संपल्यावर तिने रेकॉर्डिंग लगेच बंद केलं नव्हतं. मुलीशी बोलतेय. बाबा चांगलं म्हणाले तरच नाव देईन म्हणतेय, त्यांना त्यातलं कळतं.

आत जाऊन तिला सांगितलं की गाणं चांगलं आहे, फक्त दुसऱ्या ओळीत श्वास तुटतो. भाजी चिरता चिरता म्हणाली, काल नाही तुटला. असेल. मी तिथे नव्हतो.