बोकडाच्या पाठीचा तुकडा

मॅडम, काल माझ्या मुलीच्या पाठीत सुई घातली. चार दिवस ताप उतरत नव्हता, मान आखडली होती, म्हणून मेंदूज्वर आहे का ते बघायला पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. पाठीत सुई म्हणजे पोरीचे पाय गेले, इथपर्यंत मी मनातल्या मनात पोहोचलेसुद्धा. डॉक्टरांना विचारलं, "कुठे टोचणार?" ते म्हणाले, "कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यामध्ये." आणि एकदम तुम्ही आठवलात. "हाडं वाढत राहतात गं, मज्जारज्जू मागे राहतो. माणसात तो कमरेच्या सुरुवातीलाच संपतो, खाली नुसता नसांचा झुपका." म्हणजे सुई जाणार तिथे रज्जू नाहीच. तेव्हा कुठे मी श्वास सोडला. रिपोर्ट संध्याकाळी यायचाय. तोवर दुसरं काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन पंधराएक वर्षं झाली, हे ठाऊक असूनही.

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कमधलं तुमचं तळमजल्यावरचं भाड्याचं घर. तळमजलाच हवा होता, कारण तुमच्या आईला जिने चढवत नव्हते. आमची बारावीची बायोलॉजीची शिकवणी स्वयंपाकघरात चालायची. ओट्यावर एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला कॉलेजातून आणलेला जुना मायक्रोस्कोप. मज्जारज्जूची स्लाइड लावली की माझी दातखीळ बसायची. मधे राखाडी फुलपाखरू, भोवती पांढरा भाग, एवढं दिसायचं. पण त्यातली पाठीकडची बाजू कुठली आणि पोटाकडची कुठली, हे दर वेळी उलटंच सांगायचे. "बारीक पंख कडेपर्यंत जातात ते मागचे. चटका, टोचणं, सगळं तिथून आत येतं. जाड पंख पुढचे, हालचालीचा हुकूम तिथून बाहेर जातो. किती वेळा सांगू?" मग चष्मा काढून म्हणालात, "तू अभ्यास करत नाहीस, नुसती घाबरतेस." ते मला फार लागलं, कारण खरं होतं. वेळ असता तर कॉलेजात बोकडाचा रज्जू आणून दाखवला असता, असंही तुम्ही जाता जाता बोललात.

तेवढं माझ्या डोक्यात बसलं. सोमवारी प्रॅक्टिकल. रविवारी सकाळी मी जवळच्या खारी गावातल्या मटणवाल्यासमोर उभी. "पाठ का टुकडा दो ना भैया, बिना तोडे." तो म्हणाला, "सूप के लिए?" "नहीं, परीक्षा के लिए." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ही पोरगी नक्की नापास होणार. काळ्या पिशवीत तुकडा घेऊन मी थेट तुमच्या दारात. तुमचा चेहरा पांढराफटक पडला. ती सगळी इमारत शाकाहारी, घर मिळालं तेच त्या अटीवर. तुम्ही रत्नागिरीच्या, माशाशिवाय घास न उतरणाऱ्या, पण त्या घरात साधं सुकटही कधी भाजलं नाहीत. मला आत ओढलंत, खिडकी लावलीत आणि दबक्या आवाजात म्हणालात, "अक्कल गहाण टाकलीस का गं?" मला वाटलं आता हाकलणार. पण तुमचं लक्ष पिशवीकडे गेलं आणि मॅडम, तुमच्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही. ओट्यावर पेपर पसरून तुम्ही मणका कात्रीने उकललात. आत ओलसर, पांढरी दोरी. कडेच्या फटीतून बारीक दोरे उकरून काढलेत, त्यातल्या एकावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. "ही दिसली की ती मागची बाजू. हात लाव. आता जन्मात चुकणार नाहीस." मग सगळं पेपरात गुंडाळून, त्याच पिशवीत घालून माझ्या हाती दिलंत, "लांब नेऊन टाक. कोणाशी बोलू नको."

गेटवर सोसायटीचे सेक्रेटरी अंकल होते. सोमवारी मी गाठीची जागासुद्धा बरोबर दाखवली, आणि महिनाअखेरीला घरमालकाने तुम्हाला घर सोडायला सांगितलं. "वास गेला असेल खिडकीतून," तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं, तुला दारातूनच परत पाठवायला हवं होतं." मिळालं ते घर भाईंदर पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तुमच्या आई, आमच्या आजी, एकदा वर गेल्या त्या फक्त दवाखान्यापुरत्या खाली यायच्या, तेही खुर्चीवर बसवून.

गरम तव्याला हात लागला की तो आधी मागे येतो, मेंदूला नंतर कळतं, हे तुम्हीच शिकवलं होतंत. गेटवर माझंही तसंच झालं, तोंडातून निघून गेलं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. पण तसं नव्हतं, मॅडम. अंकलनी पिशवीतून ठिबकणारं पाणी पाहिलं आणि शांतपणेच विचारलं, "बेटा, ये कौन लाया?" मला सगळं सुचत होतं. ते माझ्या पप्पांना ओळखायचे. मी आणलं म्हटलं तर पप्पांना फोन जाणार, पप्पा मारणार, उद्या परीक्षा. एवढा सगळा विचार करून मी म्हणाले, "मॅडमने मंगवाया था."

तुम्ही गेलात तेव्हा मी त्या तिसऱ्या मजल्यावर आले होते. आजी खिडकीशी बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यावर फार जीव होता गो तिचा. पण मला सांग, नुसत्या वासाने कोण घर सोडायला लावतंय? कोणीतरी जाऊन सांगितलेलं असणार. तुला काय ठावक आहे का?"

मी म्हटलं, "नाही, आजी."