चिमणीची टाच

३ जुलै
शाळेचा फिजिओथेरपिस्ट या नात्याने यंदाचा संकल्प: को-ऑर्डिनेशन! सुरुवात सहावीतल्या चिमणीपासून. डाव्या पायाचं प्लास्टर काल निघालं. टाच चक्क जमिनीला टेकते! पोटरीला रोज ताण दिला नाही, तर पुन्हा वर उचलली जाणार. तो कुणी द्यायचा, हे तिच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. उद्या फोन. नक्की.

५ जुलै
फोन केला. एंगेज. आपल्याकडून आपण केलं.
चिमणीला विचारलं, हॉस्पिटलात व्यायाम घेतात का? घेतात, म्हणाली. म्हणजे ताण तेच देत असणार. दोघांनी ओढलं तर पोरीचे हाल. मी नुसतं चालवतो.

११ जुलै
चिमणीच्या आईबरोबर डॉक्टरांचा निरोप: बोलायचंय. मग करा की फोन! मी काय रस्त्यावर पडलोय?
चिमणीच्या बुटाचा आवाज बदललाय. आधी टक, टक. आता टक, खर्र. फरशी खराब. शिपायाला झापलं.

२० जुलै
फरशी चकाचक. खर्र आहेच. सुट्टीच्या दिवशी घरी भाजी निवडतानाही आला. बायकोला विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली, काय?
कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तो फोन मात्र लगेच लागला.

२७ जुलै
कान ठणठणीत.
दुपारी कॉरिडॉरमध्ये पुन्हा खर्र. दार उघडलं. कुणी नाही. चिमणी आज शाळेत आलीच नव्हती. घाबरलो, खरंच घाबरलो.
घरी बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, दोन घरचा पाहुणा उपाशी! मी म्हटलं, तुला मेडिकलमधलं काय कळतं? जेवण गेलं नाही.

२ ऑगस्ट
चिमणीला म्हटलं, बाई गं, जरा हळू चाल, त्या आवाजाने डोकं उठतं. सॉरी सर, म्हणाली. भिंत धरून, चवडा घासत गेली बिचारी. टाचेकडे बघायचं टाळलं. आधी फोन, मग तपासणी. कामाची एक पद्धत असते.

३ ऑगस्ट
फोन लावला. एक रिंग वाजली आणि मीच ठेवला. डॉक्टर जेवत असतील. सकाळचे दहा वाजले होते, पण काही लोक लवकर जेवतात.

१८ ऑगस्ट
चिमणी बरेच दिवस गैरहजर होती. आज येणार, असं बाई म्हणाल्या. कान देऊन बसलो. कॉरिडॉर शांत! टक नाही, खर्र नाही. म्हटलं, सुधारली पोर. आपल्या चालवण्याला यश आलं. खुशीत दार उघडलं.
चिमणी व्हीलचेअरवर. पाय पुन्हा प्लास्टरमध्ये, या वेळी ऑपरेशन करून. मागे आई. म्हणाली, डॉक्टरांना वाटलं ताण शाळेत देतात. हीच म्हणाली होती ना, शाळेत सर व्यायाम घेतात म्हणून.
चिमणीने हळूच विचारलं, सर, आता नाही ना आवाज येत?
नाही येत, म्हटलं.
खोटं बोललो. आत्ता लिहितानाही येतोय.