फळीमागची काच

६ नोव्हेंबर
१. सकाळी पुन्हा जमिनीखालून भूकंपासारखा गडगडणारा आवाज आला. मी स्वतः ऐकला.
२. शेजारच्या पद्मामावशींच्या भिंतीला दारापासून कोपऱ्यापर्यंत तडा आहे. जुना.
३. तो वाढतो का ते कळावं म्हणून मागच्या आठवड्यात मी त्यावर काचेची आडवी पट्टी चिकटवली होती. भिंत सरकली की काच फुटते.
४. आज फुटली.
५. तेव्हा घरात एकटा भीमराज होता.

भीमराज मावशींचा मुलगा. वारंगा फाट्यावर टायरचं दुकान. आईने घर सोडून तिकडे यावं म्हणून वर्षभर मागे लागलाय. त्या हलत नाहीत. आवाजाला घाबरून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात, पण गाव सोडत नाहीत.

आणि नेमकी आता काच फुटली! अगदी त्याच्या सोयीने.

७ नोव्हेंबर
रंग-चुना पार विटेपर्यंत खरवडून नवी काच बसवली. मावशी म्हणाल्या, "भिंतीला चष्मा काहून लावून राहिली गं?"

भीमराज दारात उभा. "आवाज आला अन् टचकन् फुटली. तुला खरं काहून वाटंना?"

"तू सांगितलंस ते ऐकलं. मी पाहिलं नाही."

"लई शिकली बाई तू!"

तो बाहेर गेल्यावर आणखी एक काच चिकटवली. त्याच तड्यावर, वर, भांड्यांच्या फळीमागे. घाईत. कुणाला सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर
पहाटे पुन्हा आवाज. भीमराज काल मुक्कामाला आलेला. समोरची काच फुटली. फळीमागची शाबूत!

एकच भिंत, एकच तडा. भिंत सरकली असती तर दोन्ही फुटल्या असत्या. म्हणजे समोरची हाताने फोडली. दोघांसमोर सांगितलं.

"म्हंजी म्या फोडली? माझ्या मायच्या घरातली?"

मी फळीमागे बोट दाखवलं. तो गाडीला किक मारून निघून गेला.

मावशी खूश. "म्हनत व्हते न्हाई का, माझ्या घराला काई होत न्हाई!" खाट आत नेली. एक टोक मी धरलं.

१३ नोव्हेंबर
माझा तर्क बरोबर निघाला याचा फार आनंद झाला. तोच खटकतोय.

१६ नोव्हेंबर
पुरावा म्हणून ठेवावी, म्हणून फळीमागची काच काढायला गेले. हात लावला आणि सुटून आली! एका टोकाला चुन्याचा पापुद्रा.

समोरच्या काचा विटेवर चिकटवल्या होत्या. ही लपवण्याच्या घाईत चुन्यावरच. चुना सुटला, काच एका टोकावर लटकून राहिली. भिंत कितीही सरकली असती तरी ती फुटली नसती.

समोरच्या काचेवर मी सतरा शंका घेतल्या. हिच्यावर एकही नाही — ही माझ्या बाजूने बोलत होती.

यावरून भीमराजने काच फोडली नाही असं ठरत नाही. भिंत सरकते असंही ठरत नाही. एवढंच ठरतं की मला माहीत नाही. आणि तेवढ्या आधारावर मी मावशींची खाट आत नेली.

लगेच सांगितलं, बाहेर झोपा. "आता काहून? तूच तपासलं न्! बरी हाय म्हनलीस भिंत." आवाजाला घाबरणारी बाई माझ्या शब्दावर निर्धास्त झालीय. हलत नाहीत.

१७ नोव्हेंबर
भीमराजला पाठवलेला मेसेज:

"फळीमागची काच मी नीट चिकटवली नव्हती. तुझ्यावर ठपका ठेवायला मला आधार नव्हता. मावशी आत झोपतात, माझं ऐकत नाहीत. खाट तड्यापासून लांबच्या भिंतीला सरकवली आहे. तू येईपर्यंत मीही तिथेच झोपते. तू ये. त्यांना बाहेर काढ. या वेळी विटेपर्यंत तू खरवड, दोन्ही काचा तू चिकटव, आणि मी कुठे चुकते ते बघत राहा. येतोस की नाही, गुरुवार, २० तारखेपर्यंत कळव."