तुमच्या नावानं दिलेली उत्तरं

प्रिय राजूचे बाबा,

'प्रिय' असं तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे, हसू नका. उद्या दुपारी चार वाजता मी पकडली जाणार आहे. त्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून वही घेऊन बसली. चौथी पास बाईचं पत्र, सांभाळून घ्या.

तुमच्या मोबाइलवरचा तो गीतेचा वर्ग आठवतो ना? दर मंगळवारी एक पाठ, असे अठरा. आधी शिकवणाऱ्या ताईंचा व्हिडिओ, मग खुणा करायचे पाच प्रश्न, आणि शेवटी 'स्वतःला विचारा' म्हणून एक प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या मनानं लिहायचं. लिहिल्याशिवाय पुढच्या पाठाचं कुलूप उघडत नाही. तुम्ही सात पाठ केले आणि गेलात. धानाची चुरणी चालू होती, अंगणात धान झोडपून उरलेल्या तणसाचा ढीग तसाच पडला होता. असं कोणी जाते का हो, अर्ध्या कामातून?

तुमची तेरवीही झाली नव्हती आणि मंगळवारी मोबाइल वाजला. तुमचं नाव, त्यापुढे 'काका', आणि 'आपला आठवा पाठ बाकी आहे.'

मी संगीतावर ओरडली, "आता त्यायले कायले बोलावून राहिले हे लोक?"

सून म्हणाली, "आई, ते मशीन आहे. मशीनले कोण सांगन? द्या, बंद करून टाकतो."

मी दिला नाही. घरात तुमचं नाव घेणारं कोण उरलं होतं? लोक आता 'राजूची आई एकटी पडली' म्हणतात, माझंच नाव घेतात. तुमचं नाव घेऊन हाका मारणारा तो एक मोबाइलच होता. मग रोज वाजला की उचलून पाहायची. एक दिवस बोट लागलं आणि ताई बोलायला लागल्या. म्हटलं, ऐकून तर घेऊ.

आठवा पाठ नेमका मरणाचाच निघाला! प्रश्न होता, 'अंतकाळी माणूस ज्याचं स्मरण करतो त्याला तेच प्राप्त होतं. बरोबर की चूक?' अहो, तुम्ही तर "चहा ठेव" म्हणून डोळे मिटले होते! मी घाईघाईनं 'चूक' वर बोट दाबलं. तुम्हाला चहा प्राप्त व्हावा, असं मी कसं म्हणू? लाल फुली आली. आणखी दोन चुकले. पाचपैकी दोन.

संध्याकाळी ताईंचा निरोप आला, खुद्द त्यांच्या आवाजात. "काका, या वेळी गुण कमी पडलेत. तब्येत बरी आहे ना?"

तुम्ही सातही पाठांत पाच नाही तर चार घेतलेले. राईस मिलमध्ये एवढी वर्षं काट्यावर बसलात, पोत्यात किलोभर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. आणि माझ्यामुळे तुमचं नाव खाली येऊन राहिलं होतं! त्याच वेळी सांगायला हवं होतं ना, की काका गेले? मी काय केलं? संगीताला म्हटलं, "लिही, तब्येत बरी आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं.

बस. तिथून मी अडकली.

पण खरं सांगू? मजा फार आली हो! संगीताचा चष्मा लावून, बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. व्हिडिओ चार-चारदा. अकराव्या पाठात देवानं एवढं मोठं रूप दाखवलं, तर अर्जुन म्हणतो, देवा, पहिल्यासारखा हो, मला भीती वाटते. मी एकटीच हसली. मलासुद्धा तुम्ही तसेच हवे होते, खाटेवर बसून पान चघळणारे. हिरवी खूण आली की मी अशी ओरडायची की शेजारची विचारायची, "काय झालं, लॉटरी लागली का काय?"

तुम्ही मात्र कानात वायर घालून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तुले काय समजते त्यातलं?" समजते बरं! पाचपैकी पाच समजते!

एक चोरीही केली. तुमची जुनी उत्तरं वाचली. पाचव्या पाठात विचारलं होतं, 'आज कोणाला कमी लेखलं का?' तुम्ही लिहिलं होतं, 'होय. बायकोला. ती विचारते, मी सांगत नाही. मलाही नीट समजत नाही, हे तिला कळेल म्हणून.'

अहो! असं लिहायचं मोबाइलला, आणि मी चार हातांवर चुलीपाशी! मला म्हणाले असते, नाही समजत गं, तर दोघं मिळून समजून घेतलं असतं. फार तर दोघंही नापास झालो असतो. कोण हसणार होतं?

सोळाव्या पाठात मात्र फास आवळला. 'सत्य हा गुण कोणता, दैवी की आसुरी?' दैवी, मी खूण केली. खाली विचारलं, 'आज खोटं बोललात का?' दोन दिवस ते कुलूप उघडलं नाही. मोबाइल पदराखाली घेऊन फिरली. शेवटी लिहिलं, 'नाही.' तुमच्या नावानं खरंच आहे की, तुम्ही कुठून बोलणार आता खोटं! कुलूप उघडलं. पण त्या दिवशी पुढचा पाठ मी लावलाच नाही.

आता अठरा झाले. उद्या तोंडी परीक्षा. सगळ्यांनी कॅमेरा सुरू ठेवायचा. आतापर्यंत ताईंनी समोर बोलावलं की 'कॅमेरा बिघडला' लिहून निभावलं. ताई म्हणाल्या, "काका, तुमची प्रगती सगळ्यांना प्रेरणा देणारी आहे. सुरुवात तुम्हीच करायची. आधी आपलं नाव सांगा, मग या अभ्यासानं तुमच्यात काय बदल झाला ते."

काय बदल झाला? काय सांगू, वारले?

काका आजारी आहेत, असं कळवू म्हटलं, तर जीभ रेटेना. उद्या पहाटेच ऑटो करून नागऱ्याच्या महादेवाला निघून जावं म्हटलं, तर तिथं त्याच्यासमोर काय तोंड घेऊन बसू?

संगीता म्हणाली, "आई, सांगून टाका ना. फाशी देऊन राहिले का ते?"

"सांगू कशी? आधी नाव घ्यावं लागते त्यांचं. लग्न झाल्यापासून घेतलं नाही."

"मग उखाण्यात घ्या!"

असं बोलते तुमची सून. पण मग हळूच म्हणाली, "आई, नावाचं नाही. नावाच्या पुढचं तुम्हाले म्हणवत नाही."

बरोबर बोलली पोरगी. बँकेत, तलाठ्याकडे, सगळीकडे 'मयत' लिहिलेल्या कागदांवर मी सह्या केल्या. तोंडानं अजून एकदाही म्हटलं नाही. मंगळवारी तुमच्या नावानं पाठ यायचा, तोवर मला वाटायचं, तुमचं काहीतरी चालू आहे. शिकून राहिले आहेत कुठंतरी. म्हणून मीच बाहेर पडत नव्हती हो. कुलूप मीच धरून बसली होती.

तर आता ऐका. उद्या चार वाजता मी डोक्यावर पदर घेऊन त्या कॅमेऱ्यासमोर बसीन. तुमचं नाव घेईन, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि सगळ्यांसमोर म्हणीन, ते गेले. ताई रागावल्या तर रागावू दे, वर्गातून काढलं तर काढू दे. एवढंच सांगीन की सातव्या पाठापर्यंतचे गुण त्यांचे आहेत, त्यांना हात लावू नका. आठव्यापासूनचे माझे आहेत, ते मला माझ्या नावावर पाहिजेत.

तुमचीच,
सुमन